दोन अक्षरांवर अडलेला दसरा

अक्का सासरहून परत आली तेव्हा तिच्याजवळ दोन बॅगा होत्या आणि परत येण्याबद्दल एकच वाक्य होतं. "तिथे मला दिवसभरात कोणी नावाने हाक मारत नाही." एवढ्यावरून कोणी संसार सोडून येतं का, असं समाजातल्या लोकांनी अण्णांना विचारलं. आणखीही कारणं असणार. ती तिने आईला सांगितली असतील आणि आईने ती पोटात ठेवली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं मला येत होती. सख्ख्या बहिणीबद्दल मात्र मला एवढंच कळत होतं की ती घरात फार हळू चालायला लागली होती, पाहुणी आल्यासारखी.

अण्णा म्हणजे आमचे वडील. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांत हे असंच चालतं. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले, असं समाजाच्या सभेत दरवर्षी सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्याची छाती दरवर्षी थोडी जास्त फुगते. माझा अंदाज असा की ते फौजेचे तंबू शिवायला आले असावेत, कारण घराण्यात तलवार कोणी पाहिलेली नाही, सुया मात्र डझनांनी आहेत. अण्णांचं राजाजीनगरात दोरे, बटणं, फिती आणि अस्तराच्या कापडाचं दुकान होतं. दुकानात कन्नड, घरात मराठी, आणि दोन्हींच्या मधल्या उंबरठ्यावर दोन्हींची खिचडी. आई आमटीला सांबाराची पूड घालायची आणि तिला आमटीच म्हणायची. सकाळी शेजारच्या घरातून रेडिओवरचं कन्नड भक्तिगीत, आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या आणि अण्णांचं खाकरणं, रस्त्यावर "सोप्पू, सोप्पू" ओरडत जाणारी पालेभाजीवाली. या सगळ्या आवाजांत अक्काचा आवाज नव्हता. आज मागे वळून पाहताना मला तेच आठवतं, की ती आली आणि घर आहे तेवढंच बोलत राहिलं.

मग आईने आपल्या दोन पाटल्या मोडल्या आणि कॉम्प्युटर आणला. अक्काला टायपिंग येत होतं. डीटीपीचा सहा महिन्यांचा वर्ग तिने लग्नाआधी केला होता. पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडलं, गेटवर पाटी लावली, आणि हळूहळू लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, कोणाचे तरी अर्ज असं काम येऊ लागलं. कळफलकाचा आवाज सुरू झाला की आई स्वयंपाकघरात भांडी हळू ठेवायची. त्या श्रावणात एक निवृत्त प्राध्यापक आले. म्हैसूर प्रांतातल्या जुन्या तळ्यांवर त्यांनी कन्नडमध्ये पुस्तक लिहिलं होतं, गिचमिड अक्षरात आणि समासात समास काढून. घरात आम्ही त्यांना मेष्ट्रू, म्हणजे मास्तर, म्हणायचो. दसऱ्याच्या संध्याकाळी ते म्हैसूरच्या प्रकाशकाकडे जाणार होते आणि जाताना पहिल्या तीन प्रकरणांचं मुद्रित नेणार होते. ते पसंत पडलं तर पूर्ण पुस्तक अक्काकडे, आणि पुढे त्या प्रकाशकाचं त्रैमासिकही. नाही मिळालं तर तिकडचाच कोणी टाइपसेटर.

हे काम अक्कासाठी निव्वळ काम नव्हतं. आमच्या समाजाचे अध्यक्ष दादासाहेब हे फेटा बांधूनच दात घासत असावेत अशी माझी समजूत होती. त्यांनी दोन घरं जोडून द्यायचा विडा उचलला होता आणि विजयादशमीला अक्काच्या सासऱ्यांना घेऊन ते आमच्याकडे येणार होते. अण्णांनी अक्काला समोर बसवून सांगितलं होतं, "हे बघ, ते मला विचारणार, मुलगी इथे बसून काय करते. तोवर तुझं हे काम उभं राहिलं तर मी त्यांना नाही म्हणेन. नाही राहिलं तर माझ्याजवळ सांगायला काही नाही. सरी?" अक्का "सरी" म्हणाली, म्हणजे ठीक. एवढंच बोलणं झालं. अण्णा क्रूर नव्हते. ते दुकानदार होते, आणि काउंटरवर ठेवायला काहीतरी लागतं असं त्यांचं मत होतं.

आता माझा पराक्रम. कॉलेजात तेव्हा लिनक्सची हवा होती. ज्याच्याकडे लिनक्स तो मर्द, बाकीचे कारकून. एका मासिकाबरोबर त्याची सीडी फुकट आली होती. मी अक्का दुपारी देवळात गेली असताना तिच्या यंत्राच्या डिस्कचा एक तुकडा कापला आणि त्यावर ते बसवलं. तिला विचारलं नाही. त्यानंतर यंत्र सुरू केलं की आधी एक ओळ यायची आणि थांबायची, म्हणजे कुठल्या घरात जायचं ते विचारायची. 'डॉस' असं टाइप केलं की अक्काचं नेहमीचं विंडोज उघडायचं. "हे काय नवीन?" तिने विचारलं. "नवीन पद्धत आहे," मी म्हणालो. ती तीन महिने रोज सकाळी मुकाट्याने 'डॉस' टाइप करत राहिली. त्या लिनक्सवर मी काय केलं? एका काळ्या पडद्यावर स्वतःचं नाव लिहून पाहिलं आणि दोन मित्रांना घरी बोलावून ते दाखवलं. एवढंच.

खंडेनवमीच्या सकाळी अक्का म्हणाली, "विनू, जागा संपली असं सांगतंय रे हे. सहावं प्रकरण सेव्ह होईना." माझ्या मनाला टोचलं. मी तासाभरात लिनक्सचा तुकडा पुसला, त्याची तिच्यासाठी नवी डी ड्राइव्ह केली. मध्ये एकदा यंत्र बंद करून सुरू केलं तेव्हा ती जुनी प्रश्नाची ओळ तशीच आली. ती का आली, ज्याचं घर पुसलं त्याचा प्रश्न कोण विचारतंय, असा विचार मनात यायला हवा होता. पण बाहेरून अण्णा ओरडत होते, "झालं का? पूजेची वेळ टळते." मी डी ड्राइव्ह फॉरमॅट केली, यंत्र बंद केलं आणि आंघोळीला गेलो.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. हत्यारं म्हणजे अण्णांच्या कात्र्या, गज, आईची विळी, सायकल, आणि त्या वर्षीपासून कॉम्प्युटर. पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. गल्लीत सगळीकडे तेच चाललेलं असतं, स्कूटर, गिरण्या, रिक्षा, सगळ्यांना केळीचे खांब आणि झेंडू, दारोदार कुंकू भरून फोडलेले कोहळे. आई पूजेत कसूर करणारी नव्हती. मॉनिटरला हळदकुंकू लागलं, सीपीयूला लागलं, कळफलकाला लागलं. मग तिने फ्लॉप्यांचा डबा उघडला. त्यात यंत्र अडलं तर सुरू करायची फ्लॉपी होती, आणि अक्काने मेष्ट्रूंच्या पुस्तकाच्या जपून काढलेल्या प्रती होत्या. आईने एक फ्लॉपी उचलून मला विचारलं, "यातलं खरं काय रे, ही वरची पेटी की आत काही असतं?" मी नुकताच सचैल स्नान करून आलेला, ज्ञानाने निथळत होतो. लोखंडी पापणी सरकवून मी आतली तपकिरी चकती दाखवली. "हे खरं. बाकी नुसतं प्लॅस्टिक." आणि मी होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, किती झाल्या ते बघायला आत गेलो. आईने ऐकलं ते केलं. एकेक पापणी सरकवून चौदाच्या चौदा चकत्यांना तिने ओलं कुंकू लावलं आणि वर अक्षता टाकल्या. देवाच्या कामात ती वरवरचं काही करत नसे.

दसऱ्याच्या सकाळी अक्काने नवी कडक इस्त्रीची साडी नेसली, यंत्राला नमस्कार केला आणि बटण दाबलं. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात दोन इंग्रजी अक्षरं आली, एल आणि आय. पुढे काही नाही. तिने 'डॉस' टाइप केलं. काही नाही. "विनू," ती म्हणाली, "हे आज बोलेना." मी बटण बंद करून परत दाबलं. एल आणि आय. दहा वेळा दाबलं असेल. मी डब्यातली सुरुवातीची फ्लॉपी काढून घातली. आतून करकर असा आवाज आला, जात्यात खडा आल्यासारखा. बाहेर काढली तर पापणीखाली लाल चिखल. दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या सौभाग्यवती. "आई, हे काय केलंस?" "काय केलं? तूच सांगितलंस की ते खरं." मी डब्याचं झाकण लावलं.

"माझं पुस्तक?" अक्काने विचारलं. तिच्या तोंडून 'माझं' हा शब्द ती परत आल्यापासून मी पहिल्यांदाच ऐकला. मी सांगितलं की असेल, आत असेल, विश्रांतीनंतर कधीकधी असं होतं. खोटं किती मूर्ख असू शकतं याला सीमा नाही. ज्याने यंत्र विकलं होतं त्याला मी कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन केला. त्याच्या कार्डावर 'सिस्टम कन्सल्टंट' असं छापलेलं होतं आणि तो तसाच बोलायचा. "बूट सेक्टर करप्ट," तो म्हणाला. "फॉरमॅट मारायला लागेल. परवा माणूस पाठवतो. आज हब्बा आहे, सण." मी विचारलं, फॉरमॅट मारल्यावर आतलं काम? तो हसला. घरी परत येताना मला वाटलं की बस पकडून कुठेही जावं. मग वाटलं, उंदराने वायर कुरतडली असं सांगावं. मग वाटलं, लाईटचा झटका आला असं सांगावं. प्रत्येक बहाण्याच्या शेवटी दादासाहेबांचा फेटा दिसत होता आणि त्याच्यामागे अक्काच्या त्या दोन बॅगा. घरी आलो तेव्हा ती बंद पडद्यासमोर मांडीवर हात ठेवून बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. टेबलावर मेष्ट्रूंच्या हस्तलिखिताचा गठ्ठा होता आणि ती नुसती त्याच्या कडा एकसारख्या करत होती.

"शिवाजीनगरात खलीलभाई आहेत," ती म्हणाली. "टाइपरायटर दुरुस्त करायचे, आता हे पण करतात. क्लासची मशीनं त्यांच्याकडेच जायची. त्यांचं दुकान आज उघडं असेल. उचल."

आम्ही सीपीयू आईच्या जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षात घातला. रिक्षालाही पुढे केळीचे खांब होते. रिक्षावाल्याने चादरीतून डोकावणारा झेंडू पाहिला आणि विचारलं, "देवर, अक्का?" देव आहे का, म्हणजे. अक्का म्हणाली, "हौदू. स्वल्प निधान." हो, जरा हळू चालव. तो खरंच हळू चालवत गेला आणि मी चादर छातीशी धरून बसलो. राजाजीनगर ते शिवाजीनगर, पूर्ण रस्ताभर अक्का माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. मी दोनदा बोलायचं ठरवलं. एकदा सिग्नलला आणि एकदा बसस्टँडजवळ. दोन्ही वेळा गर्दीच्या आवाजात मी स्वतःला माफ करून टाकलं.

खलीलभाईंचं दुकान म्हणजे एक जिना आणि जिन्याखालची जागा. वर टाइपरायटरचे सांगाडे टांगलेले, खाली टेबलावर उघड्या यंत्रांची आतडी. पाटी नव्हती, कार्ड नव्हतं. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, चहाचा ग्लास. त्यांनी अक्काला ओळखलं. "आओ बेटी. अब्बा खैरियत?" मग आमच्या सीपीयूवरचं कुंकू पाहिलं, चष्मा वर केला, परत खाली घेतला. जोडलं, सुरू केलं. एल आणि आय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"इसमें क्या डाले थे?"

"कुछ नहीं. विंडोज."

"और?"

मी अक्काकडे पाहिलं नाही. "और कुछ नहीं."

खलीलभाईंनी ग्लास खाली ठेवला. "देखो बेटा, सच बोले तो छोटा काम है. झूठ बोले तो मेरे कू भी फॉरमॅटच मारना पड़ता. मैं डॉक्टर नहीं हूँ जी, पेट दबा के नहीं बता सकता."

मग मी सांगितलं. सीडी, तुकडा, तीन महिने, काल सकाळचं पुसणं, सगळं. हिंदीत सांगत होतो, पण ते अक्काला सांगत होतो हे तिघांनाही कळत होतं. मित्रांना दाखवायला केलं, हेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. खलीलभाई मान हलवत होते. "समझा. घर तोड़ दिए, वॉचमन को निकालना भूल गए. वो गेट पे बैठ के पुराने सेठ को पुकारता. सेठ है कहाँ? आधा नाम लेता, चुप हो जाता." त्यांनी आमचा कुंकवाने माखलेला फ्लॉपी ड्राइव्ह सोडवून बाजूला ठेवला, स्वतःचा जोडला, त्यात आपली एक मळकी फ्लॉपी घातली. पडद्यावर ए आणि एक बाण आला. त्यांनी आधी काही दुरुस्त केलं नाही. त्यांनी सी ड्राइव्हची यादी काढली आणि पडदा अक्काकडे वळवला.

"देख लो बेटी. तुम्हारा सामान."

यादी वर सरकत गेली आणि थांबली. कन्नड शब्द इंग्रजी अक्षरांत आखडून लिहिलेले, केरे म्हणजे तळं, केरे एक, केरे दोन, केरे तीन. अक्काने पडद्यावर बोट ठेवून नावं मोजली. पाचपर्यंत आली आणि स्टुलावर बसली.

मग खलीलभाईंनी एक ओळ टाइप केली. एफडिस्क, एक तिरकी रेघ, एम, बी, आर. एंटर दाबलं, म्हणजे वॉचमनला नारळ दिला. मी वाट पाहत होतो की आता काहीतरी येईल, काही सूचना, काही अभिनंदन. काही आलं नाही. बाण परत आला, तेवढंच. मी पुढे आयुष्यभर याच धंद्यात राहिलो, शेकडो समारंभ पाहिले, फीत कापून सर्व्हर सुरू करणारे मंत्री पाहिले, पण एवढं मोठं काम इतक्या मुकाट्याने झालेलं मी परत पाहिलं नाही. फ्लॉपी काढून त्यांनी बटण दाबलं. कोणी कुठे जायचं ते विचारलं नाही. विंडोजचं आभाळ उघडलं.

जिना उतरताना, म्हणजे खरं तर गल्लीत पाऊल टाकताना, अक्का पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "मला विचारलं असतंस ना विनू, तर मी हो म्हटलं असतं." आवाजात राग नव्हता. "तिकडेही कोणी विचारायचं नाही. त्यांचं मला समजत होतं." चादरीतला सीपीयू दोन्ही हातांत होता म्हणून मला तोंड झाकता आलं नाही.

घरी पोचायला तीन वाजून गेले. अक्का जेवली नाही. प्रिंटर लावला, कडेला भोकं असलेल्या सलग कागदाचा नवा गठ्ठा उघडला. कन्नड अक्षरं त्या काळच्या प्रिंटरवर चित्रांसारखी निघायची. एका पानाला दोन मिनिटं, आणि आवाज असा की पत्र्यावर कोणी करवत चालवतंय. सहा वाजता मेष्ट्रू येणार होते. साडेचारला दादासाहेब आले.

फेटा, जरीचं उपरणं, हातात बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, पानांचं तबक, मागे अक्काचे सासरे आणि आणखी एक गृहस्थ, ज्यांचं काम मान डोलावणं हे असावं. आईने सतरंजी घातली, अण्णा धोतर सावरून समोर बसले. दादासाहेबांनी घसा साफ केला. "आजच्या या मंगल दिवशी, सीमोल्लंघनाच्या—" आणि पुढचं पान सुरू झालं. ते थांबले. पान संपल्यावर पुन्हा, "आपल्या समाजाची परंपरा अशी आहे की—" आणि पुढचं पान. तिसऱ्यांदा ते मोठ्याने बोलले, पण करवतीपुढे टिकले नाहीत. सासरे अस्वस्थ होऊन म्हणाले, "ते जरा बंद करायला सांगा की." कोणी सांगितलं नाही. अण्णा अक्काच्या पाठीकडे बघत होते. पानं प्रिंटरच्या मागून बाहेर पडत होती आणि जमिनीवर घड्या घालत साचत होती, काळी कन्नड अक्षरं, सगळ्यात वर तळ्याचं नाव.

शेवटी दादासाहेबांनी भाषण सोडलं आणि मुद्द्यावर आले. "गुरुजी काढून बसलेत मुहूर्त. मुलीला आज पाठवता की दिवाळीत, एवढं सांगा. काय शालिनीबाई?"

शेवटचं अक्काला होतं. तिने वळून पाहिलं नाही. प्रिंटरच्या दोन ओळींमधल्या फटीत ती म्हणाली, "अण्णा, अजून तीस पानं आहेत."

अण्णा उठले, सतरंजी ओलांडून प्रिंटरच्या मागे गेले आणि जमिनीवर मांडी घातली. साचलेल्या कागदाचं टोक हातात घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या भोकाभोकांच्या कडा फाडायला लागले, नीट, न चुकता, एकेक पान सुटं करून डाव्या हाताला ठेवत.

"दादासाहेब," ते मान वर न करता म्हणाले, "कॉफी पिऊन निघा."